रंकाळा ते पंचगंगा घाट: आईबाबांसोबत पाण्याकाठचं कोल्हापूर कसं बघावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात, किरणोत्सवाच्या (मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या दिवसांच्या) सुमारास, आईबाबांना घेऊन नाशिकहून कोल्हापूरला येतेय. शनिवारी दुपारी पोचू, सोमवारी रात्री परतीची बस. अंबाबाईचं दर्शन ठरलेलंच आहे. पन्हाळा आणि जोतिबा या खेपेला नको, आईला चढ-उताराचा त्रास होतो. बाबा गोदाघाटावर वाढलेले, त्यांना पाण्याकाठी कितीही चालवा. गाव ओळखायचं तर आधी त्याचं पाणी बघावं, असं त्यांचं मत. म्हणून बेत असा की रंकाळा तलाव, पंचगंगा नदीचा घाट आणि मधलं जुनं गाव, एवढंच निवांत बघायचं. पण कुणालाही विचारलं की 'संध्याकाळी रंकाळ्यावर जा, भेळ खा' इथंच उत्तर संपतं. त्यापलीकडे काय बघावं, कुठून कुठं चालावं, कुठं रिक्षा करावी, हे तुम्ही तिथली माणसं सांगा.

तटाकडील

ताई, बाबांचं म्हणणं कोल्हापूरला तर फारच लागू पडतं. रंकाळा एकीकडे आणि नदी दुसरीकडे अशी दोन वेगळी ठिकाणं समजून रिक्षाने उड्या मारू नका. जुनं कोल्हापूर तळ्यांच्या मधे वसलेलं गाव आहे. आज ज्याला गांधी मैदान म्हणतो तिथं वरुणतीर्थ होतं. कपिलतीर्थ मंडईत भाजी घ्यायला जातो, तिथं कपिलतीर्थ. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला गर्दी करतो, तिथं रावणेश्वराचं तळं. ही बुजवली गेली. रंकाळा आणि कोटितीर्थ वाचले. गांधी मैदान अजून सखल आहे, मोठा पाऊस झाला की तिथं पाणी तुंबतं आणि म्हातारी माणसं म्हणतात, 'वरुणतीर्थ भरलं'.

म्हणून माझा सल्ला: रंकाळ्यापासून पंचगंगेपर्यंत पायी जा. रंकाळवेश, मग गंगावेश, मग शुक्रवार पेठेतून घाट. गावाला तट होता तेव्हाच्या या वेशी. तट गेला, दरवाजे गेले, नावं बसस्टॉपच्या पाटीवर राहिली. रमतगमत गेलं तरी तासाभरात होतं आणि बहुतेक वाट सपाट आहे. आईंना मधे दमल्यासारखं वाटलं तर गंगावेशेत रिक्षा हात केला की थांबते.

आता रंकाळा. शनिवारी ऊन उतरल्यावर टॉवरच्या बाजूने सुरुवात करा. जाऊळाच्या गणपतीला हात जोडा आणि राजघाटाच्या दगडी पायऱ्यांवर जरा बसा. चौपाटीवर थेट जाऊ नका. चौपाटीला गाड्या, घोडे, फुगे, कणसं सगळं आहे, मुलांना ते आवडतंच. पण तळं किती मोठं आहे ते टॉवरच्या बाजूने कळतं. पलीकडे उत्तरेच्या काठावर झाडीत शालिनी पॅलेस दिसेल. १९३१ ते १९३४ या काळात बांधला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावानं. काळा दगड आणि इटालियन संगमरवर. मधे बरीच वर्षं तिथं हॉटेल होतं. आता बाहेरूनच बघायचा, आणि तो पाण्याच्या अलीकडूनच शोभतो.

पाणी उतरलेलं असेल तर संध्यामठ पूर्ण दिसतो. तळ्यातच उभा असलेला दगडी मंडप आहे. नोव्हेंबरात रंकाळा भरलेला असतो, त्यामुळे तुम्हाला वरचा भागच दिसेल. बाबांना मुद्दाम दाखवा. रंकाळा मुळात दगडाची खाण होता, भूकंपात जमीन खचली, पाणी लागलं आणि तळं झालं, असं पिढ्यान् पिढ्या सांगतात. रंकभैरवाचं देऊळ तळाशी आहे असंही सांगतात. नंदीची गोष्ट तर इथल्या प्रत्येक पोरानं आजीकडून ऐकलेली असते: नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी प्रलय. गोष्ट सांगायची तर काठावर बसूनच सांगावी.

चाफेकळी

तटाकडील दादांनी संध्याकाळचं सांगितलं, मी पहाटेचं सांगते. रविवारी साडेपाच-सहाला आईबाबांना रंकाळ्यावर न्या. संध्याकाळी तिथं गाव मजा करायला येतं, पहाटे गाव तिथं राहतं. पेठेतल्या बायका, तालमीची पोरं, पेन्शनर मंडळी, हसण्याचे क्लब, सगळे फेरीला निघालेले असतात. तळ्याची पूर्ण फेरी मारली तर तासाच्या वर लागतो. आईंना एवढं नको. त्यांनी पद्माराजे उद्यानात बसावं, बाबांनी फेरी मारून यावं.

पदपथाला बाकं भरपूर आहेत. स्वच्छतागृहाचं मात्र आधी बघून ठेवा, ज्येष्ठांसोबत असताना हा प्रश्न कुणी सांगत नाही आणि ऐनवेळी तोच मोठा होतो. मुक्कामाच्या ठिकाणाहून आटोपून निघणं बरं.

पाणकावळा

पहाटे जाणार असाल तर चौपाटी सोडून मागच्या अंगाला, परताळ्याकडे वळा. तिथं गवत आणि उथळ पाणी आहे, म्हणून पक्षी तिथंच. वारकरी, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, टिबुकल्या हमखास. पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले असतात. थंडी पडू लागली की पाहुणे बदकही उतरतात. जवळ दुर्बीण असेल तर बाबांच्या हातात द्या, मग ते तासभर उठणार नाहीत.

पाव-फरसाण पाण्यात टाकू नका एवढी विनंती. माशांच्या नावानं टाकतात सगळे, पण ते कुजून पाणीच खराब होतं.

भेळ_बिनकांद्याची

सगळं खरं, पण भेळ खाऊ नका असं कोण म्हणालं? खावा की! चौपाटीवर उभं राहून, पाण्याकडे तोंड करून. आणि दादांनी गंगावेशेचं नाव घेतलं पण मुख्य गोष्ट राहिली: दूध कट्टा. संध्याकाळी म्हशी तिथंच बांधलेल्या असतात, तुमच्या डोळ्यांसमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. तालमीतल्या पैलवानांच्या खुराकासाठी हे सुरू झालं, मग सगळ्या गावाला सवय लागली. गंगावेश तालीम तिथंच. रंकाळ्यावरून घाटाकडे चालत जाताना वाटेवरच आहे, त्यामुळे चालण्याची वेळ अशी ठेवा की दिवेलागणीला गंगावेशेत असाल. आईबाबांना कच्चं दूध सोसत नसेल तर नुसतं बघा, तेही पुरेसं आहे.

गोदाकाठ

किती छान सांगताय सगळे. बाबांना वाचून दाखवलं, दुर्बीण काढून ठेवलीये त्यांनी. दोन शंका. किरणोत्सव आणि रंकाळ्यावरचा सूर्यास्त एकाच वेळी येतो का? आणि घाटावर नोव्हेंबरात पाणी किती असतं? २०१९ चा पूर टीव्हीवर बघितल्यापासून आईच्या मनात धास्ती आहे.

तटाकडील

हो, एकाच वेळी येतो, आणि एकमेकांशी जोडलेलाच आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणजे देवळातून पाहिलं तर तो रंकाळ्याच्या अंगाला बुडतो. त्यामुळे एका संध्याकाळी देऊळ, दुसऱ्या संध्याकाळी रंकाळा अशी वाटणी करावी लागेल. ढग किंवा धूर असला, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, की किरण अर्ध्यावरच थांबतात. महाद्वार रोडवरच्या उंच इमारतींवरून गावात म्हणूनच वाद होतात. आईबाबांना गर्दीत रेटू नका. देवळाच्या आवारात पडद्यावर दाखवतात, तिथं लवकर जाऊन बसा.

घाटाचं नदीकाठची मंडळी जास्त बरोबर सांगतील.

शुक्रवारपेठ

घाटापासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून उत्तर देतो. ताई, आईंना सांगा, नोव्हेंबरात काहीही भीती नाही. पावसाळा सरला की पंचगंगा पात्रात जाते, घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात, छोटी देवळं आणि दीपमाळा बाहेर येतात. पावसाळ्यात हीच देवळं कळसापर्यंत बुडालेली असतात. घाटावर उभं राहून बाबांना तेच दाखवा: हे देऊळ बुडतं, ती दीपमाळ बुडते, मग पाणी जामदार क्लबपाशी येतं, मग आमच्या पेठेत, मग गंगावेशेकडे. कोल्हापूरकर पाणी मोजतो ते अशा खुणांनी.

सरकारी मोजमाप कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर होतं. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जुलै-ऑगस्टात इथं घराघरात सकाळचा पहिला प्रश्न 'किती फूट झालं?' आणि दुसरा 'राधानगरीचे दरवाजे किती उघडले?' हा असतो. ते धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात. माणसाच्या हातात काही नाही, म्हणून सगळे कान लावून बसलेले असतात.

राजाराम बंधाराही दाखवावा असं मला वाटतं. दगडी खांब आणि मधे बसवायच्या फळ्या: पावसाळ्याआधी काढायच्या, पाऊस संपला की घालायच्या. महाराष्ट्रभर याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. तुम्ही नाशिककडचे, तुमच्या शिवारातही असे बंधारे असतील.

आणि पंचगंगा हे नाव घाटावर पुसट वाटतं, कारण तिथं एकच नदी दिसते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार, आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी मोजणी आहे. संगम वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला. बाबांना हौस असेल तर रिक्षाने जाऊन या, शहरापासून लांब नाही. तिथून वाहत जाऊन ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते.

मळवाट

घाटावर जाताय तर ब्रह्मपुरीची टेकडी चुकवू नका. शिवाजी पुलाच्या अलीकडे, नदीला लागून. वर घरं आहेत, बघायला खास काही ठेवलेलं नाही, म्हणून कुणी जात नाही. पण कोल्हापूरचा सगळ्यात जुना पत्ता तो आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातली वस्ती मिळाली. विटांची घरं, नाणी, भांडी. याच टेकडीवर ब्राँझची पोसायडनची छोटी मूर्ती सापडली. ग्रीकांचा समुद्रदेव! घाट उतरून कोकणातली बंदरं, तिथून जहाजं, आणि जहाजांच्या वाटेनं रोमशी व्यापार. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठावर कुणाच्या तरी घरात हा देव होता.

मूर्ती टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आधी टेकडीवर उभं राहून नदी बघायची आणि मग मूर्ती बघायला जायचं, हा क्रम पाळा. उलटं केलं तर मूर्ती काचेतली एक वस्तू म्हणून बघून पुढे जाल. घाटावरून टाउन हॉल रिक्षाने पाच-दहा मिनिटं.

प्रभातफेरी

सिनेमाची आवड आहे का बाबांना? मग रंकाळ्याचा आणखी एक अर्थ आहे. १९३० च्या दशकात रंकाळ्याच्या काठाला शालिनी सिनेटोन हा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला. छत्रपतींच्या घराण्याचा त्याला आधार होता, आणि बाबूराव पेंटर तिथं काम करत होते. त्याआधी पेंटरांनी कोल्हापुरातच महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली, 'सैरंध्री' १९२० चा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी १९२९ मध्ये इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. रंकाळ्याचं पाणी, काठावरची झाडी, राजवाडा, सगळं स्टुडिओच्या दाराशी होतं. जुने मराठी चित्रपट बघताना मागे तळं दिसलं की आमच्या घरात अजून 'रंकाळा, रंकाळा' असा गलका होतो.

त्या स्टुडिओची वास्तू जपली जावी म्हणून गावातली माणसं झगडली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तोही देवळाकडून जाताना बघून घ्या. मूर्तिकार, चित्रकार आणि सुतार या गावात होते म्हणून सिनेमा इथं उभा राहिला, हे त्या स्तंभापाशी बाबांना सांगा.

पेठेची_लेक

मला थोडं वेगळं बोलायचंय. पाहुण्यांना आपण सुंदर तेवढं दाखवतो. रंकाळ्यात वर्षानुवर्षं नाल्यांचं सांडपाणी येत राहिलं. माझ्या लहानपणी आई धुण्याच्या चावीवर (काठावरच्या कपडे धुण्याच्या जागी) गोधड्या धुवायला न्यायची, आम्ही पोरं पाण्यात डुंबायचो. नंतर असे उन्हाळे आले की पाणी हिरवंगार, शेवाळाचा तवंग आणि काठावरून जाताना नाकाला पदर. केंदाळानं तळं झाकलं होतं तेव्हा काठावर म्हशी पाण्यात उतरतात की गवतात, कळायचं नाही. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळा घेतला, पैसे आले, कामं झाली, तरी नाला पूर्ण अडवणं हेच खरं काम आहे. दिवे, कारंजी, रंगीत पदपथ हे त्याच्या नंतरचं.

ताई, बाबांना हेही दाखवा. गोदावरीकाठच्या माणसाला ते लगेच कळेल.

भेळ_बिनकांद्याची

पेठेची लेक, पटलं, पण दिवे-पदपथाला नावं ठेवू नका. पूर्वी अंधार पडला की पोरीबाळी तिकडं फिरकत नव्हत्या. आता रात्री नऊलाही बायका एकट्या चालतात. काठावर माणसं आली म्हणून तर पाण्याची ओरड झाली.

पेठेची_लेक

हे खरं आहे. माणसांचा राबता हवाच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. नाला आधी.

तटाकडील

दोघींचंही बरोबर आहे, आणि गावानं एका बाबतीत ते करून दाखवलंय. गणपतीत पूर्वी सगळ्या मूर्ती पंचगंगेत आणि रंकाळ्यात जायच्या. आता बहुतेक विसर्जन इराणी खणीत होतं. रंकाळ्याच्या शेजारचीच जुनी दगडखाण आहे ती. सुरुवातीला मंडळांनी विरोध केला, 'वाहतं पाणीच पाहिजे' म्हणून. घरगुती मूर्ती दान करणारी कुटुंबं आधी पुढं आली, तालमी-मंडळं मागून आली. काठावरच्या माणसांनी ठरवलं की होतं. नाल्यासाठी असंच रेटायला लागेल, आणि त्यासाठी बाहेरच्या माणसानंही बघून बोललेलं चांगलं. म्हणून ताई, परत गेल्यावर काय आवडलं त्याबरोबर काय खटकलं तेही लिहा.

चाफेकळी

घाटाबद्दल एक राहिलं. पुढच्या वर्षी जमलं तर त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे या. घाटाच्या सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लावतात, रांगोळ्या घालतात, कडाक्याच्या थंडीत अख्खं गाव उठून येतं. त्या पहाटे गाडीचा नाद सोडा, घाटाचे रस्ते माणसांनी भरलेले असतात. आणि पणत्या विझल्यावर प्लास्टिक, तेलाचे डबे उचलायला पोरं-पोरी थांबतात, त्यांच्यासोबत अर्धा तास थांबता आलं तर थांबा.

मिरजवाला

गाडी घेऊन येणार असाल तर शनिवार-रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या रस्त्यावर नेऊ नका, वळवायलाही जागा मिळत नाही. मुक्कामाला लावून ठेवा, रिक्षा करा.

गोदाकाठ

बसनेच येतोय, त्यामुळे गाडीचा प्रश्न नाही. सगळं वाचून असं जमवलंय: शनिवारी संध्याकाळी टॉवर, राजघाट आणि सूर्यास्त, शेवटी चौपाटीवर भेळ. रविवारी पहाटे परताळा आणि पद्माराजे उद्यान, दुपारी विश्रांती, संध्याकाळी देवळात किरणोत्सव, मग महाद्वाराकडून गंगावेशेचा दूध कट्टा. सोमवारी सकाळी गंगावेशेपासून चालत घाट, ब्रह्मपुरी, आणि तिथून टाउन हॉलला पोसायडन. आई म्हणाली, नाला पण बघायचा, पेठेच्या लेकीनं सांगितलंय. चालेल का?

मळवाट

बेत चांगला आहे, फक्त टाउन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्यामुळे घाट आणि ब्रह्मपुरी रविवारी सकाळी घ्या, पक्षी सोमवारी पहाटे. रविवारी नाश्ता करून आठला गंगावेशेतून निघालात तर ऊन चढायच्या आत टेकडीवरून खाली उतराल, साडेदहा-अकराला टाउन हॉल. दुपारची झोप आणि किरणोत्सव तसाच राहतो.

पाणकावळा

आणि सोमवारी पहाटे परताळ्याला गर्दीही कमी असते, पक्षी जवळ येतात. नाला तिथूनच पुढं आहे, आईंना फार चालावं लागणार नाही. मी रोज असतोच त्या बाजूला, गळ्यात दुर्बीण दिसली की हाक मारा.